दिल्या घरचं दुखणं

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. कळमन्याच्या बाजारात बाबांची संत्र्याची अडत, आणि बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून ती मीच सांभाळते. तिथं हळू बोलणाऱ्याचा माल दुपारपर्यंत तसाच पडून राहतो. त्यामुळे दवाखान्यात बोलले तरी माझं बोलणं पलीकडच्या खोलीत ऐकू जातं. नवरा म्हणतो, "जरा हळू बोल वं." मी म्हणते, "काहून? चोरी केली का मी?"

त्या दिवशीही मी तशीच मोठ्यानं बोलले. चाळिशी उलटली होती. आमच्या सक्करदऱ्याच्या कॉलनीत महिला दिनाला एका डॉक्टरीणबाईंचं भाषण झालं आणि चाळिशीनंतर छातीची तपासणी करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या बायका चहा-समोसा खाऊन घरी गेल्या. माझं तसं नाही. एकदा डोक्यात काही शिरलं की ते केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्याच बाईंचा दवाखाना शोधून काढला आणि मॅमोग्राफी करून आले. ते मशीन छाती दोन पाट्यांमध्ये दाबतं, कळ येते, पण पोळ्या लाटताना मनगट भरून येतं त्याहून जास्त काही नाही. रिपोर्टमध्ये गाठबीठ नव्हती. एवढंच लिहिलं होतं की छातीची घडण दाट आहे, म्हणून फोटोत सगळं स्वच्छ दिसेलच असं नाही.

"घरात कोणाला कॅन्सर झाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे!" मी ठणकावून सांगितलं. "आईकडे नाही, आमच्या घरात तर नाहीच."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे घर मोजायची रीतच तशी आहे. थोरली आत्या गेली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आमच्याकडे तिचं सुतक तीनच दिवस पाळलं. पुढं काका गेले तेव्हा पूर्ण दहा दिवस, देवघर बंद, गोडधोड बंद. लग्न झालेली मुलगी दिल्या घरची, तिचं सुतक थोडं, असा हिशेब लहानपणापासून डोळ्यांसमोर. ज्याचं सुतक दहा दिवसांचं तो आपला, बाकी पाहुणे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी "घरात" म्हटलं आणि मी मनातल्या मनात दहा दिवसवाल्यांची हजेरी घेऊन मोकळी झाले. दोघी आत्यांचा त्यात विचारच आला नाही. त्या आजारी पडल्या त्या सासरी, तेव्हा ते दुखणं तिकडचं.

"ठीक आहे, मग दोन वर्षांनी या," असं त्या म्हणाल्या. मी खुशीत घरी आले आणि ते सगळं विसरून गेले.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्या जेवणाला धाकटी आत्या कामठीहून येतेच येते. ती आल्याशिवाय बाबा पानावर बसत नाहीत. त्या वर्षी ऊन असं होतं की विचारू नका. आत्या शेअर ऑटोत चेंगरून आली, दारातच तिला भोवळ आली. मी तिला आतल्या खोलीत नेऊन पलंगावर आडवं केलं, पंखा लावला, आणि जीव मोकळा व्हावा म्हणून ब्लाऊजची वरची बटणं सोडली. तर आतून रुमालात गुंडाळलेला कापसाचा गोळा माझ्या हातात आला. एका बाजूला छातीच नव्हती. नुसती सपाट, आडव्या व्रणाची कातडी होती.

आत्यानं डोळे उघडले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"बोलू नको वं कुठं. तुले माझी शपथ आहे."

"आत्या, हे काय आहे? तू तर म्हणाली होती पिशवीचं ऑपरेशन झालं!"

"तसंच सांगा लागते. गाठ निघाली होती, काढून टाकली. आता बरी आहे मी." मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "थोरलीलेही हेच होतं."

"तिला तर कावीळ झाली होती ना?"

"कावीळ शेवटी झाली. आधी हेच."

बाहेर बायका आरतीची घाई करत होत्या, मला हाका मारत होत्या, आणि मी कापसाचा तो गोळा हातात धरून बसले होते.

"सांगितलं काहून नाही कोणाले?"

"कोणाले सांगू? थोरली गेली तवा तुह्या लग्नाचं पाहून राहिले होते. माझं निघालं तवा तुह्या काकाच्या पोरी लग्नाच्या झाल्या होत्या. असं दुखणं आहे म्हटल्यावर त्या घरची पोरगी कोण करते? तुमच्यासाठीच झाकलं, बाई."

मला तिचा रागही आला आणि मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही केलं मी. आधी चांगली ओरडले तिच्यावर, मग गळ्यात पडले.

डॉक्टरीणबाईंकडे परत गेले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "वडिलांच्या दोन्ही सख्ख्या बहिणी! मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"मॅडम, त्या दिल्या घरी गेल्या होत्या."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: काही घराण्यांत रक्तातच जन्मापासून एक खोट असते. ती आईकडून येते तशीच बापाकडूनही येते. पुरुषाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, पण ती पुढच्या मुलामुलींत उतरू शकते. उतरेल किंवा उतरणार नाही, दोन्हीची शक्यता सारखीच. ज्यांच्यात ती असते त्यांना धोका इतर बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी हे त्यांच्यासाठी पुरेसं नाही. त्यांना दरवर्षी एमआरआयसुद्धा लागतो. माझ्यासारख्या दाट छातीच्या बाईला तर नक्कीच.

"मग घ्या माझं रक्त," मी बाही वर केली.

"आधी आत्यांचं हवं. ज्यांना आजार झाला त्यांच्यात काय आहे ते कळलं, की तुमच्यात नेमकं काय शोधायचं ते कळतं. नुसतं तुमचं तपासलं आणि काही निघालं नाही, तर तुम्ही खरंच सुटलात की आम्हाला ते सापडलंच नाही, हे सांगता येणार नाही."

म्हणजे माझं सगळं आत्याच्या थेंबभर रक्तावर आलं.

कामठीला गेले. आत्याच्या गल्लीत विणकरांच्या मागांचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे तिथं माझ्या आवाजाला कोणी दचकत नाही. चहा झाला, मग मी विषय काढला. आत्यानं मान हलवली ती हलवतच राहिली.

"मी नाही देत रक्त. माझ्यात खोट निघाली तर म्हणतील, आत्यानंच माहेराले रोग लावला."

"तू नाही लावला. तुलेही वरूनच आला ना तो!"

"वरून म्हंजे माझ्या माय-बापाकडून? आता मेलेल्या माणसांची नावं काढतं का तू?"

मी तऱ्हेतऱ्हेनं सांगून पाहिलं. हात जोडले, चिडले, रुसले. आत्या एवढीशी बाई, पण आमच्या घराण्याचा हट्ट तिच्यात पुरेपूर. "तुही तपासणी तू कर ना," हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी परत आले ती रडवेली होऊन. भीती वाटत होती मला, सरळ सांगते. थोरली आत्या माझ्याएवढी होती तेव्हाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी अडतीवर बाबा गादीवर बसले होते. गुडघे दुखत असले तरी आंबिया बहाराची संत्री यायला लागली की ते घरी थांबत नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आत्याला सांगा. काय झालं, कसं झालं, सगळं सांगून टाकलं. शपथ मोडली, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

बाबा म्हणाले, "आपल्या खानदानात असं काही नाही. बाईले झालं असंल तर ते तिच्या घरचं होय."

माझा पारा चढला. "बाबा, आत्याचं नाक कोणासारखं आहे?"

"आता नाकाचं काय मधातच?"

"सांगा ना! तुमच्यासारखं आहे. दात तुमच्यासारखे, हट्ट तुमच्यासारखा, चालणं आजीसारखं. नाक माहेरचं, दात माहेरचे, अन् रोग तेवढा सासरचा? लग्नाच्या मांडवात रक्त बदलून देते का कोणी?"

समोरचे व्यापारी बोली विसरून बघायला लागले. एक हमाल डोक्यावरचं क्रेट तसंच धरून उभा राहिला. बाबा लाल झाले. "थोरलीले कावीळ झाली होती," ते हळूच म्हणाले.

"कावीळ शेवटी झाली, बाबा. आधी हेच होतं. तुमच्यापासून लपवलं तिनं. माझं लग्न मोडू नये म्हणून."

बाबांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग बोली अर्धवट टाकून ते घरी निघून गेले. मला वाटलं, संपलं. तर सकाळी स्वतःच तयार होऊन दारात उभे, हातात काठी. "चाल कामठीले," म्हणाले.

भावाला अवचित दारात बघून आत्या घाबरलीच. "काय झालं गा, भाऊ? कोणाले काही झालं का?"

बाबा ओट्यावरच बसले. "थोरलीचं मले कळू दिलं नाही. तुहं कळू दिलं नाही. मी काय परका होतो का, बाई?"

"घरच्या पोरींसाठीच झाकलं, भाऊ."

"हो, अन् आता त्यांच्याचसाठी उघडं कर." मग त्यांचा आवाज चिरकला. जन्मात कधी ऐकला नव्हता मी तो आवाज. "थोरलीचे तीन दिवस पाळले अन् चौथ्या दिवशी मी बाजारात जाऊन बसलो. बहीण होती माझी ती. तू पण माझीच आहे. तुले दिली म्हणून तू काय परकी झाली?"

आत्या रडली, बाबा रडले, मी तर मोठमोठ्यानं रडले. शेजारची बाई बघायला आली. मग आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "सुई मोठी असते का वं?"

आत्याच्या रक्तात खोट निघाली. मग माझं तपासलं. माझ्यातही निघाली.

तो कागद वाचला तेव्हा मी नळ पूर्ण सोडून न्हाणीघरात रडले. पण बाबांचं तोंड माझ्याहून वाईट झालं होतं. "माझ्यातूनच गेलं तुले," एवढंच ते म्हणत होते. मी म्हटलं, "बाबा, नाकही तुमच्यातूनच आलं. ते काय मी कापून फेकलं?" त्यांना हसू आलं, आणि मग मलाही.

नातेवाइकांनी सल्ल्यांचा नुसता भडिमार केला. कोणी म्हणे हळदीचं पाणी पी, कोणी म्हणे उगाच खोदून काढलं, सुखानं झोपायचं सोडून. मी त्यांना म्हटलं, झोपलेल्या माणसाला चोर सापडत नाही, मला पकडायचा आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळे रस्ते समोर मांडले. दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करत लक्ष ठेवायचं, किंवा आधीच ऑपरेशन करून छाती काढून टाकायची. अंडाशयाचंही पुढं ठरवावं लागेल, कारण ही खोट तिथंही धोका करते. कोणता रस्ता धरायचा ते मीच ठरवायचं, घाई नाही, असंही त्या म्हणाल्या. मी आधी नजर ठेवायचा रस्ता निवडला. काकाच्या दोघी पोरींनीही रक्त दिलं. एकीत निघालं, एकीत नाही. जिच्यात नाही तिला चाळिशीनंतर सगळ्या बायकांसारखी साधी तपासणी पुरेल, असं सांगितलं. ती फोनवर आनंदानं रडत होती, आणि बहिणीसाठीही रडत होती.

पहिला एमआरआय झाला. पालथं झोपवतात, छाती दोन खळग्यांत सोडतात, हातात सुईतून औषध देतात, हलायचं नाही. मशीन असा आवाज करतं की ऐन हंगामातलं कळमना शांत वाटावं. मी मनातल्या मनात त्याच्यावर बोली लावत पडून राहिले. मॅमोग्राफीही त्याच आठवड्यात केली. मॅमोग्राफी साफ होती. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला एक ठिपका दिसला.

सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता.

मी ओरडले नाही त्या दिवशी. मला सांभाळता सांभाळता नवराच त्यानं जास्त घाबरला. संध्याकाळी मात्र मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "मॅडम, दोन्ही काढून टाका. मला आता पहारा द्यायचा नाही." त्यांनी दोन दिवस विचार करा म्हटलं, नवऱ्यासोबत बसून पुन्हा सगळं समजावलं. दोन दिवसांनीही माझं तेच उत्तर होतं.

ऑपरेशन झालं. दुखलं, नळ्या लावल्या होत्या, हात वर जात नव्हता. आरशात बघायला मला आठवडा लागला. बघितलं तेव्हा आधी वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि मग मी स्वतःलाच मोठ्यानं म्हटलं, "आहे ना पण मी!"

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला त्या दिवशी आत्या हट्टानं कामठीहून आली. बाबा, नवरा, आत्या, मी, सगळे डॉक्टरीणबाईंच्या छोट्या खोलीत कोंबून उभे. त्यांनी रिपोर्ट नीट वाचला आणि वर बघितलं. गाठ अगदी लहान होती. काखेत गेली नव्हती. कुठंच गेली नव्हती. पुढं कोणती औषधं लागतील ते ठरवायचं होतं, पण त्या म्हणाल्या, "फार लवकर सापडलं. नुसत्या मॅमोग्राफीवर राहिलो असतो, तर दिसलंच नसतं."

माझ्या तोंडून जी आरोळी निघाली ती पार रिसेप्शनपर्यंत गेली. नर्स धावत आली. नवऱ्यानं पहिल्यांदा मला हळू बोल म्हटलं नाही. बाबा भिंतीला टेकून नुसते देवाला हात जोडत होते.

आत्या मात्र तेवढ्यात खोलीतून बाहेर निघून गेली होती. बाहेर आलो तर ती बाकावर एका अनोळखी बाईजवळ बसलेली. बाई माझ्याच वयाची असेल, मांडीवर मॅमोग्राफीची मोठी पिशवी, तिचा नंबर यायचा होता.

"माझ्या रक्तावरून सापडलं हिचं," आत्या तिला सांगत होती, आणि असा आवाज लावला होता की तो माझाच वाटावा. "ही माझी भाची. आता ठीक होईल ती. माझं रक्त घेतलं म्हणून कळलं, नाही तर कोणाले कळत होतं? मले छातीचा कॅन्सर झाला होता. हे बघा, ही बाजू नाही मले. पिशवीबिशवीचं काही नव्हतं ते."

अख्खी रांग ऐकत होती. चहावाला थांबला होता. आत्यानं त्यालाही सांगितलं.

मग ती त्या बाईकडे वळली. "तुले विचारलं का आत, घरात कोणाले होतं म्हणून?"

"विचारलं होतं. नाही सांगितलं मी. कोणाले नाही."

"तुह्या बापाले बहिणी किती?"

बाई गोंधळली. "एकच होती. वर्ध्याले दिली होती. लवकर गेली."

"कायनं गेली?"

"काय माहीत वं... तिकडेच गेली. विचारा लागंल."

"मग विचार ना. आत जायच्या आधी विचार," आत्या म्हणाली. त्या बाईनं पर्समधून फोन काढला आणि वडिलांना लावला.